माग थांबला की आठवणारा बाहुला : लहानपणी पाहिलेले भीतीदायक दृश्य मनातून का जात नाही?

चित्रपटांच्या जाहिरातींवर ‘यूए’ या अक्षरांपुढे ७+, १३+ किंवा १६+ असे आकडे २०२४ सालच्या प्रमाणन नियमांनंतर दिसू लागले आणि तेव्हापासून ओळखीतले पालक एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारत आहेत. सहाव्या वर्षी जे दाखवू नये ते सातव्या वर्षी कसे चालते, एका वर्षात असे काय बदलते, आणि मुळात पडद्यावरच्या खोट्या भुताने मुलाचे खरोखर काही बिघडते का? विचारणाऱ्यांपैकी बरेच जण थोड्या वेळाने आवाज खाली आणून स्वतःचेही काही सांगतात. लहानपणी पाहिलेल्या चित्रपटाचे नाव आठवत नाही, कथा आठवत नाही, फक्त एक चेहरा किंवा किलकिले झालेले एक दार आठवते, आणि अजूनही रात्री पलंगावरून पाय खाली सोडून बसवत नाही. ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही, आणि ती समजून घ्यायची तर मला आमच्या घरातल्या १९९३ सालापासून सुरुवात करावी लागेल.

## एक घर, दोन बहिणी, दोन भीती

त्या वर्षी मी सहा वर्षांची होते आणि ताई बारा वर्षांची. सोलापूरच्या पूर्व भागात आम्ही राहत होतो. तिथे बोळाबोळांतून यंत्रमागांचा खडखडाट रात्री उशिरापर्यंत चाले आणि त्या आवाजातच आम्हाला झोप लागे. महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ त्याच वर्षी आला होता. दिवाळीच्या सुट्टीत शेजाऱ्यांनी व्हिडिओ भाड्याने आणला, तेव्हा त्यांच्या पुढच्या खोलीत पंधरा-वीस माणसे दाटीवाटीने बसली होती. चित्रपट विनोदी आहे. मरणाऱ्या गुंडाचा आत्मा मंत्राच्या जोरावर एका बाहुल्यात शिरतो आणि पुढे सगळा गोंधळ उडतो. तो बाहुला रामदास पाध्ये यांनी बोलता-हलता केला होता. मोठी माणसे हसून बेजार झाली होती आणि मी आईच्या पदरात तोंड खुपसून बसले होते.

त्या रात्री वीज गेली. पंखा थांबला, आणि एकामागून एक सगळे माग थांबले. फडताळावर माझी कापडी बाहुली बसवलेली होती. खिडकीतून आलेल्या उजेडात तिचा चेहरा दिसत नव्हता, फक्त डोक्याचा काळा गोल दिसत होता. मी आईला हाक मारली नाही, कारण हाक मारली तर बाहुलीला कळेल की मी जागी आहे. आज मला बाहुल्यांची भीती वाटत नाही. मात्र वीज जाऊन घरातले सगळे आवाज एकदम बंद झाले की माझी नजर अजूनही आधी वरच्या फळीकडे जाते.

ताई त्या चित्रपटाला मनसोक्त हसली होती. तिची झोप उडाली होती ती वेगळ्याच कारणाने. ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, त्याचा हादरा सोलापुरातही जाणवला. जवळपास दहा हजार माणसे त्या भूकंपात गेली. पुढे कित्येक दिवस दूरदर्शनवर दगडमातीचे ढीग, त्यांतून बाहेर काढलेली माणसे आणि रांगेने पेटलेल्या चिता दिसत राहिल्या. ताई रोज रात्री दाराशी चपला जोडून, टोके बाहेरच्या बाजूला करून ठेवू लागली, म्हणजे पळताना वेळ जायला नको. त्या बातम्या मीही पाहिल्या होत्या, पण मला त्यांचे विशेष काही वाटले नव्हते. आईला दोघींचेही नवल वाटे: धाकटी एवढ्या विनोदी सिनेमाला घाबरते आणि थोरली एवढी समजूतदार असून बातम्यांना घाबरते. आम्ही दोघी आपापल्या वयाप्रमाणे अगदी बरोबर घाबरत होतो, हे मला पुष्कळ वर्षांनी वाचून कळले.

## मेंदूतला पहारेकरी आणि मेंदूतला कारकून

मेंदूत खोलवर, दोन्ही कानांच्या साधारण आतल्या अंगाला, बदामाएवढा एकेक भाग असतो. त्याला अमिग्डाला म्हणतात. आपल्या शहरापुरते बोलायचे तर जुन्या गिरणीच्या दारावरचा पहारेकरी डोळ्यांसमोर आणावा. धूर दिसला की तो आधी भोंगा वाजवतो; धूर आगीचा होता की कोणाच्या चुलीचा, याची चौकशी मागाहून होते. डोळ्यांनी टिपलेली धोक्याची खूण या पहारेकऱ्याकडे आखूड वाटेने झटकन पोहोचते, विचार करणाऱ्या भागाकडे ती लांबच्या वाटेने जाते, आणि समोर साप नसून दोरी आहे हे उमगेपर्यंत छातीची धडधड सुरू झालेली असते. जोसेफ लेडू या अमेरिकी मेंदूशास्त्रज्ञाने या दोन वाटांचे वर्णन केले आहे. साप जिवंत आहे की पडद्यावरचा, हा प्रश्न आखूड वाटेवर कोणी विचारतच नाही.

या पहारेकऱ्याच्या शेजारी हिप्पोकॅम्पस नावाचा भाग असतो. तो हजेरी कारकून आहे असे समजू: काय घडले, कधी, कोठे, कोण सोबत होते, याची नोंद तो ठेवतो. लहान मुलांमध्ये हा कारकून शिकाऊ असतो. म्हणून तर वयाच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षापूर्वीचे आपल्याला जवळपास काहीच सांगता येत नाही. पहारेकरी मात्र फार लवकर कामावर रुजू झालेला असतो. त्यामुळे वहीतले पान कोरे किंवा अर्धवट लिहिलेले आणि भोंग्याची खूण मात्र पक्की, अशी स्थिती होते, आणि मोठेपणी माणसाला भीती आठवते पण तिचा पत्ता आठवत नाही.

भोंगा वाजला की अंगात अॅड्रेनलिन उसळते आणि तेच मेंदूला जणू बजावते की हे नीट लिहून ठेव. लॅरी केहिल, जेम्स मॅक्गॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली हे दाखवून दिले. त्यांनी काही माणसांना चित्रांसह एका मुलाच्या अपघाताची गोष्ट दाखवली. त्यांतल्या काहींना आधी अॅड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा परिणाम अडवणारी गोळी दिली होती. आठवडाभराने विचारले तेव्हा इतरांना गोष्टीतला अपघाताचा भाग जास्त ठळक आठवत होता. गोळी घेतलेल्यांना मात्र तो भाग बाकीच्या साध्या भागाइतकाच आठवत होता. उलट बाजूचा पुरावाही आहे. अमेरिकेतील एका महिलेच्या दोन्ही बाजूंचे अमिग्डाला आजाराने निकामी झाले होते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिला भयपटांतली दृश्ये दाखवली, जिवंत सापांजवळ नेले, भूतबंगल्यातून फिरवले. तिला कुतूहल वाटले, भीती वाटली नाही.

आणखी एक गोष्ट इथेच सांगायला हवी, कारण माझ्या फळीकडे जाणाऱ्या नजरेचे उत्तर तिच्यात आहे. भोंगा वाजत असताना आजूबाजूला जे काही असेल ते सगळे पहारेकरी धोक्याच्या यादीत टाकून देतो. त्या रात्री माग थांबले होते, म्हणून ती शांतताच संशयित ठरली. मूल एखाद्या विशिष्ट खोलीत जायला, विशिष्ट गाणे ऐकायला किंवा विशिष्ट रंगाची चादर पांघरायला नकार देते आणि कारण सांगू शकत नाही, तेव्हा तो हट्टच असतो असे नाही.

## ‘अगं, खोटं असतं ते’ एवढ्याने का भागत नाही?

घाबरलेल्या मुलाला प्रत्येक घरात हेच सांगितले जाते, आणि सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण पाच वर्षांच्या मुलासाठी जे दिसते तेच असते. जाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने नोंदवले होते की साधारण दोन ते सात या वयात मुलाच्या विचारावर डोळ्यांना दिसणाऱ्या रूपाचा पगडा असतो. सारखेच पाणी उंच पेल्यात ओतले की त्याला ते जास्त वाटते, हा त्याचा प्रयोग प्रसिद्ध आहे.

मुले आणि पडद्यावरची भीती या विषयाला विस्कॉन्सिन विद्यापीठातील जोआन कँटर यांनी उभे आयुष्य दिले. सिंथिया हॉफनर यांच्यासह त्यांनी १९८५ साली एका म्हातारीची गोष्ट चार प्रकारे तयार केली. एकीत ती दिसायला गोड आणि वागायला प्रेमळ, दुसरीत गोड पण क्रूर, तिसरीत विद्रूप पण प्रेमळ, चौथीत विद्रूप आणि क्रूर. तीन ते पाच वर्षांची मुले म्हातारीच्या रूपावरून तिला चांगली किंवा वाईट ठरवत होती, तर नऊ-दहा वर्षांची मुले तिचे वागणे पाहत होती. दूरचित्रवाणीवरच्या ‘द इन्क्रेडिबल हल्क’ या मालिकेबाबतही कँटर यांना तेच आढळले. त्यातला हिरवा, अवाढव्य नायक सज्जनांच्या मदतीला धावतो, आणि मोठ्या मुलांना त्याच्या येण्याने दिलासा वाटे. शाळेत न जाणारी चिमुकली मात्र साध्या माणसाचे त्या रूपात बदलणे पाहून सर्वांत जास्त घाबरत. माणूस कोण आहे हे त्यांना ठाऊक नव्हते असे नाही. डोळ्यांसमोर चेहरा बदलला, आणि त्या वयात चेहरा बदलला म्हणजे माणूसच बदलला.

या प्रकाशात माझा बाहुला पाहिला तर कोडे सुटते. विनोद कळण्यासाठी आवश्यक असलेली समज माझ्याकडे नव्हती. खोलीतले हसणे मला ऐकू येत होते, पण त्याचा माझ्याशी संबंध नव्हता. एवढा भयंकर प्रकार समोर चालला असताना आपली माणसे हसत आहेत, हे उलट अधिक एकटे पाडणारे होते. यात चित्रपटाचा दोष नाही. ‘सहा’ आणि ‘सात’ यांच्यामध्ये एखादी भिंत आहे असेही नाही; साधारण या सुमारास मुलाला रूपामागचे पाहता येऊ लागते, काहींना लवकर, काहींना उशिरा. आकडा हा अंदाज आहे, आणि आपल्या मुलापुरता तो अंदाज घरच्यांनाच दुरुस्त करावा लागतो.

## मग मोठे मूल का घाबरते?

कारण त्याला जास्त कळते. आठ-नऊ वर्षांनंतर राक्षस आणि चेटकिणी मागे पडतात आणि ‘हे माझ्या बाबतीत होऊ शकेल का?’ हा प्रश्न पुढे येतो. पळवून नेलेले मूल, जळते घर, आईचा मृत्यू, युद्ध, पूर, भूकंप. किल्लारीतली घरे दगडमातीची होती आणि आमच्या वाड्याच्या भिंतीही दगडमातीच्याच होत्या. ताईने ते ताडले होते, मला ते ताडण्याइतकी अक्कल नव्हती. म्हणून बातम्या या मोठ्या मुलांसाठी कोणत्याही भयपटापेक्षा जड पडू शकतात, आणि त्यांच्यावर कोणतेही प्रमाणपत्र छापलेले नसते. रात्री जेवताना बातम्या लावून ठेवणाऱ्या घरांनी याचा विचार करावा, असे मला मनापासून वाटते.

## हा ठसा किती जणांवर राहतो?

क्रिस्टन हॅरिसन आणि जोआन कँटर यांनी १९९९ साली अमेरिकेतील सुमारे दीडशे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना याविषयी विचारले. जवळपास ९० टक्के विद्यार्थ्यांनी लहानपणी किंवा पौगंडावस्थेत पडद्यावरचे काही पाहून फार घाबरल्याचा प्रसंग सांगितला, आणि साधारण चारांतल्या एकाला त्याचा त्रास तेव्हाही, म्हणजे इतक्या वर्षांनंतरही, काही प्रमाणात होत होता. हे सारे आठवणीवर आधारलेले आहे हे ध्यानात ठेवले तरी एवढे म्हणता येते की हा प्रकार अपवादात्मक नाही.

तो आजाराच्या पातळीला जाणे मात्र विरळा. बीबीसीने ३१ ऑक्टोबर १९९२ रोजी ‘घोस्टवॉच’ नावाचा, एका घरातल्या भुताविषयीचा कार्यक्रम दाखवला होता. तो लिहून, चित्रित करून ठेवलेला होता, पण ओळखीचे निवेदक घेऊन थेट प्रक्षेपणासारखा सजवलेला होता. १९९४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये डॉक्टरांनी दहा वर्षांच्या दोन मुलांची नोंद प्रसिद्ध केली; तो कार्यक्रम पाहिल्यानंतर मोठ्या आघातानंतर दिसतात तशी लक्षणे त्यांच्यात दिसली होती. दहाव्या वर्षी भूत खोटे असते हे कळते, पण बातमी खोटी असू शकते हे अजून कळत नाही. मोबाइलवर आज खऱ्या घटनेसारखे रचलेले जे व्हिडिओ फिरतात, त्यांच्याबाबत ही जुनी नोंद मला वारंवार आठवते.

## ‘आम्हीही पाहिलं, आमचं काय बिघडलं?’

बहुतेकांचे बिघडले नाही, हे खरेच आहे. पण हे वाक्य बोलणाऱ्या माणसाला थोडे थांबून विचारले, की लहानपणी काय पाहून झोप उडाली होती, तर तो सांगू लागतो आणि मग थांबत नाही. न बिघडणे आणि न भोगणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. महिनाभर एक मूल रात्री लघवीला एकटे जाऊ शकले नाही आणि त्याने ते कोणाला सांगितलेही नाही, हे पुढे मोठेपणी कोणत्याही नोंदीत दिसत नाही.

दुसरा आक्षेप आजीच्या गोष्टींचा असतो. आमच्या शेजारच्या तेलुगू आजी मुलांना भुताच्या गोष्टी सांगत, आणि त्या ऐकायला आम्ही भांडून जागा मिळवत असू. फरक असा की ऐकताना चित्र मुलाने स्वतः काढलेले असते, त्याला झेपेल एवढेच. शिवाय आजीचे लक्ष मुलाच्या चेहऱ्यावर असते. ओठ थरथरले की भूत लगेच पिंपळावर परत जाते आणि शेंगांचा लाडू पुढे येतो. पडदा समोरच्याचा चेहरा पाहू शकत नाही.

तिसरे म्हणणे असे की घाबरल्याशिवाय मूल धीट होणार कसे? यात तथ्य आहे, पण धीटपणा येतो तो स्वतः पाऊल टाकल्याने. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर भुताखेतांचा खेळ लागला की मुले दाराशी घुटमळतात, मागे येतात, पुन्हा जातात, मित्राचा हात धरतात आणि मग आत शिरतात. तिकीट त्यांनी मागितलेले असते आणि बाहेरचे दार कुठे आहे हे त्यांना ठाऊक असते. तीच मुले बाहेर आल्यावर पुन्हा जाऊ म्हणतात. ओढून आत नेलेल्या मुलाला त्याच अंधारातून काहीच मिळत नाही.

## विणलेली नक्षी धुऊन जात नाही

सोलापुरी चादरीवरची नक्षी छापलेली नसते. रंगवलेल्या सुतातून ती मागावरच विणली जाते, म्हणून कितीही धुतली तरी ती जात नाही. भीतीची आठवण तशीच असते. पावलोव्हच्या कुत्र्यांना घंटेनंतर अन्न मिळेनासे झाले तेव्हा घंटा ऐकून लाळ गळणे थांबले, पण काही काळ मध्ये गेल्यावर घंटा वाजताच ते पुन्हा सुरू झाले. जुनी शिकवण पुसली गेली नव्हती. तिच्यावर नवी शिकवण पसरली होती, चादरीवर दुसरी चादर घालावी तशी. म्हणूनच मोठेपणी दमलेले असताना, आजारपणात किंवा वीज गेल्यावर वरची चादर सरकते आणि खालची नक्षी दिसते. आपल्यात काही कमी आहे असा त्याचा अर्थ नाही.

वरची चादर घट्ट करण्याचा मार्ग म्हणजे त्या गोष्टीला सुरक्षितपणे, थोडे थोडे, पुन्हा सामोरे जाणे. काही वर्षांपूर्वी मी तो चित्रपट दिवसाउजेडी, नवऱ्याला शेजारी बसवून पुन्हा पाहिला. माझ्या आठवणीत बाहुला एका खिडकीसमोर बसून बराच वेळ माझ्याकडे पाहतो. ते दृश्य चित्रपटात मला सापडलेच नाही. ती खिडकी आमच्या घरातली होती. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ सालीच मांडले होते की आठवण दर वेळी नव्याने रचली जाते. माझ्या मेंदूने चित्रपट आणि फडताळ एकत्र विणून टाकले होते, आणि हे कळल्यावर बाहुला बराचसा लहान झाला.

## मुलासाठी आत्ता काय करता येईल?

सात वर्षांखालच्या मुलाला जवळ घ्यावे, पाणी द्यावे, दिवा लावावा, त्याचे आवडते पांघरूण द्यावे. या वयात स्पर्शाचा उपयोग शब्दांहून जास्त होतो, हे कँटर यांच्या संशोधनातही दिसते. कपाट उघडून दाखवायला त्याने सांगितले तर दाखवावे. त्याच्या भीतीला हसू नये आणि इतरांना ती हसत हसत सांगू नये, कारण मग पुढच्या वेळी ते सांगणारच नाही. मोठ्या मुलाशी मात्र सविस्तर बोलावे: असे किती वेळा घडते, आपल्या घरात काय काळजी घेतली आहे, तसे झाले तर आपण काय करू. ताईला कोणी एकदा वाड्याच्या भिंती दाखवून समजावले असते तर तिचा तो हिवाळा बराच सुसह्य झाला असता.

‘यूए’पुढचा आकडा पालकांना दिलेली सूचना आहे, त्याहून लहान मुलाला दाखवायचे की नाही हे पालकांनी ठरवायचे असते. ‘ए’ प्रमाणपत्राचा चित्रपट मात्र अठरा वर्षांखालच्यांना चित्रपटगृहात दाखवता येत नाही. ओटीटीवर २०२१च्या नियमांनुसार १३+ आणि त्यावरच्या गोष्टींना कुलूप लावण्याची सोय द्यावी लागते. ती सोय सेटिंगमध्ये असते आणि ती आपणच चालू करावी लागते. झोपण्याआधीचा तासभर तरी असे काही नकोच. आणि एखाद्या दृश्यानंतर महिना उलटून गेला तरी मूल झोपत नसेल, शाळेत जायला तयार नसेल, तेच तेच बोलत किंवा खेळत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना किंवा मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनाशुल्क आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते.

हा लेख लिहिताना मी ताईला फोन करून चपलांविषयी विचारले. त्या अजूनही दाराशी असतात, टोके बाहेरच्या बाजूला. ती म्हणाली, “सवय आहे गं, बाकी काही नाही.” मग थोडी थांबून म्हणाली की तिची अकरा वर्षांची लेकही आताशा स्वतःच्या चपला तिच्या चपलांशेजारी तशाच लावून ठेवते, आणि किल्लारी हे नावसुद्धा तिने अजून ऐकलेले नाही. मुले भीती पडद्यावरून शिकतात तशीच आईला पाहूनही शिकतात. या रविवारी ताई तिला सगळे सांगणार आहे, भूकंप कसा झाला तेही आणि आईला तेव्हा कसे वाटले तेही.